चुकीच्या खात्यात गेलेली रक्कम : परत मिळविण्याचा मार्ग

कच्च्या वनौषधींची खरेदी असो, सिद्ध औषधांच्या उत्पादकाचे देणे असो वा पंचकर्मासाठी लागणाऱ्या तेलांचा आगाऊ भरणा असो, आपल्या व्यवसायात धनादेशाची जागा आता बव्हंशी इलेक्ट्रॉनिक भरण्याने घेतली आहे. धनादेशावर नाव लिहिलेले असे आणि बँक ते पाहूनच पैसे देई. नव्या पद्धतीत हा आधार तसा राहिलेला नाही, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानी रक्कम भलतीकडे गेल्यावरच येते. म्हणून या विषयाचा थोडा सविस्तर विचार येथे करीत आहोत.

रिझर्व्ह बँकेने १४ ऑक्टोबर २०१० च्या परिपत्रकाने एनईएफटी, आरटीजीएस यांसारख्या भरण्यांची रक्कम केवळ खातेक्रमांकाच्या आधारे जमा करण्याची मुभा बँकांना दिली आणि तो क्रमांक अचूक देण्याची जबाबदारी पाठविणाऱ्यावर ठेवली. नावाचा रकाना आपण भरतो खरा, पण रक्कम कोणत्या खात्यात जावी हे तो ठरवीत नाही.

उदाहरणादाखल असे समजू, की नाशिकच्या एका औषधालयाने अश्वगंधेपोटी नीमचच्या उत्पादकाला ४८,५०० रुपये पाठविले आणि क्रमांकातील दोन अंकांची अदलाबदल झाली. असा क्रमांक त्या बँकेत अस्तित्वातच नसेल तर फारसे बिघडत नाही. एनईएफटीने पाठविलेली रक्कम जमा होऊ शकली नाही तर त्या तुकडीनंतर दोन तासांत ती परत फिरविणे बँकेवर बंधनकारक आहे. परंतु तो क्रमांक दुसऱ्या कुणाचा असेल तर रक्कम निमूटपणे त्याच्या खात्यात जमा होते आणि बँकेच्या लेखी व्यवहार पूर्ण झालेला असतो. अंकांच्या चुकीखेरीज आपल्या क्षेत्रात आणखी एक चूक संभवते. धन्वंतरी, चरक, अश्विनी ही नावे धारण करणारी औषधालये गावोगावी आहेत. जतन केलेल्या यादीतून एकाऐवजी दुसरे ‘धन्वंतरी’ निवडले जाणे अगदी सोपे आहे. सुदैवाने अशा वेळी रक्कम निदान ओळखीच्या माणसाकडे जाते आणि एका दूरध्वनीने काम भागते.

पैसे अनोळखी खात्यात गेल्याचे लक्षात येताच मात्र ती आत्ययिक अवस्था समजावी. समोरच्याने रक्कम काढून घेतली, की परतीचा मार्ग लांबतो. प्रथम आपल्या बँकेच्या ग्राहकसेवा क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा आणि त्याच दिवशी, निदान दुसऱ्या दिवशी, शाखेत लेखी अर्ज द्यावा. अर्जात व्यवहाराचा दिनांक व वेळ, रक्कम, यूटीआर क्रमांक (यूपीआय असल्यास १२ अंकी संदर्भ क्रमांक), चुकून दिलेला खातेक्रमांक व आयएफएससी, तसेच जो क्रमांक अभिप्रेत होता तो, हे सारे असावे. मूळ देयकाची प्रत जोडल्यास चूक कशी झाली हे सांगण्यास वेगळे शब्द खर्चावे लागत नाहीत. दिनांकासह पोच घेतल्यावाचून शाखेतून उठू नये. घाबरून जाऊन ‘फसवणूक झाली’ असेही लिहू नये. १९३० ही मदतवाहिनी सायबर फसवणुकीसाठी आहे. आपल्या हातून झालेल्या चुकीला फसवणूक म्हटले तर निरपराध माणसामागे चौकशी लागते आणि पुढे न्यायालयात आपलेच म्हणणे लंगडे पडते.

आपली बँक मग पैसे जेथे गेले त्या बँकेला कळविते, ती बँक आपल्या खातेदाराशी संपर्क साधते आणि त्याने संमती दिल्यास रक्कम परत येते. पुष्कळांचा संताप होतो तो येथे. पैसे समोर दिसत असताना बँक ते सरळ उचलून का देत नाही? आणि खातेदाराचे नाव-पत्ता तरी का सांगत नाही? आमच्या मते हा बँकेचा आडमुठेपणा नव्हे. दोघांतील वादाचा निवाडा करण्याचा अधिकार बँकेला नाही, आणि कुणाच्याही नुसत्या अर्जावरून खात्यातून पैसे निघू लागले तर आपलीही खाती सुरक्षित राहणार नाहीत. बँकेचा दोष तेव्हा, जेव्हा ती अर्ज पुढे पाठवीतच नाही वा उत्तरच देत नाही. तक्रारीनंतर ३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा ते असमाधानकारक असल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. मात्र लोकपाल बँकेच्या सेवेतील उणीव पाहतो, रक्कम मिळालेल्या इसमाला तो आदेश देत नाही. सहकारी पतसंस्था या योजनेत येत नाहीत. त्यांच्याविषयीची तक्रार सहकारी संस्थांच्या निबंधकाकडे करावी लागते.

समोरच्याने संमती नाकारली तरी आपला हक्क बुडत नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम ७२ स्पष्ट आहे : चुकीने मिळालेले पैसे ज्याला मिळाले त्याने परत केलेच पाहिजेत. वकिलामार्फत सूचनापत्र व त्यानंतर दिवाणी दावा, असा हा मार्ग आहे. दाव्यासाठी सामान्यतः तीन वर्षांची मुदत असते. रक्कम आपली नाही हे ठाऊक असूनही अप्रामाणिकपणे ती वापरणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली गुन्हाही ठरू शकतो (१ जुलै २०२४ पूर्वी हेच भारतीय दंड संहितेचे कलम ४०३ होते). तथापि दोन-तीन हजारांसाठी दावा लावण्यापूर्वी खर्चाचा हिशेब करावा, हे सांगणे आम्हांस आवश्यक वाटते.

या धावपळीत एका गोष्टीचा विसर पडतो. भलत्याला पैसे दिल्याने नीमचच्या उत्पादकाचे देणे फिटत नाही. तो सूक्ष्म वा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल तर २००६ च्या कायद्यानुसार लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत आणि करार नसल्यास १५ दिवसांच्या आत त्याची रक्कम पोचली पाहिजे, अन्यथा चक्रवाढ व्याज चढते. गेलेली रक्कम परत येईपर्यंत थांबण्याची मुभा तेथे नाही.

आता उलट बाजू. औषधालयाच्या खात्यात अनोळखी रक्कम जमा होते आणि लगेच कुणीतरी दूरध्वनी करून ती ‘अमुक क्रमांकावर’ परत मागतो. आपला स्वभाव परत देण्याचा, म्हणून दुकानातील मुलगा तत्काळ पैसे पाठवितो. असे कदापि करू नये. जमा झाल्याचा संदेशच खोटा असू शकतो, किंवा ती रक्कम दुसऱ्याच कुणाकडून लुबाडलेली असू शकते, आणि तसे निघाल्यास तपासात आपले खाते गोठविले जाते. आधी खातेउतारा पाहावा, रक्कम खरोखर आली असल्यास तिला हात लावू नये आणि ज्या खात्यातून आली तेथेच परत पाठवावी, असे आपल्या बँकेला लेखी कळवावे.

निदानपरिवर्जनासाठी आता एक चांगली सोय झाली आहे. ३० डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने एनईएफटी व आरटीजीएससाठीही पैसे पाठविण्यापूर्वी खातेदाराचे नाव दाखविण्याची सुविधा १ एप्रिल २०२५ पर्यंत सुरू करण्यास बँकांना सांगितले. यूपीआय व आयएमपीएसमध्ये ती आधीपासून होती. तिला शुल्क नाही आणि शाखेत जाऊन भरणा करणाऱ्यासही ती मिळते. अडचण इतकीच, की पेढीचे नाव एक आणि खाते मालकाच्या वैयक्तिक नावाने, असा प्रकार आपल्याकडे सर्रास आहे. पडद्यावर अनोळखी नाव दिसले, की पाठविणारा गोंधळतो, किंवा ‘असेल’ म्हणून पुढे जातो. नव्या पुरवठादाराला प्रथम एक रुपया पाठवून तो पोचल्याची खात्री त्याच्याच तोंडून करून घेणे हा त्यावर साधा उपाय आहे. औषध-निर्मात्या सभासदांना आमची विनंती अशी, की देयकावर खातेक्रमांक छापताना बँकेत नोंदलेले खात्याचे नावही त्याच्या शेजारीच छापावे.