शिबिराला पाठवायचं की नाही?

मैत्रिणींनो, कॉलेजात जाणारी मुलगी एक छापील कागद पुढे धरून म्हणाली, "इथं पालकांची सही हवी," तर तुम्ही काय कराल? कागद राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराचा. सात दिवस खेडेगावातल्या शाळेत मुक्काम!

गेल्या डिसेंबरात हा प्रश्न आमच्या घरी आला. पुतणी शिकायला चिखलीत आमच्याकडेच असते. भाऊजींनी गावाहून फोनवर एका शब्दात निकाल दिला, "नको." मला माझा बी.ए.चा कागद आठवला. वडिलांनी तो सही न करताच परत दिला होता, आणि पुढे महिनाभर मी मैत्रिणींकडून शिबिराच्या गमती नुसत्या ऐकत होते. म्हणून या वेळी चिवटपणा केला. सरांना जाऊन भेटले. मुक्कामाला बाई आहेत ना? मुलींच्या खोलीला आतून कडी आहे का? संडासाची सोय काय? दवाखाना किती लांब? हे विचारायला लाजू नका बरं का! उत्तरं भाऊजींना कळवली तेव्हा म्हणाले, "मग जबाबदारी तुमची." बरं, माझी!

ही योजना गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करायचं, शिवाय हे सात दिवसांचं शिबिर. आपल्या अमरावती विद्यापीठाला तर खराटा हाती घेऊन गावं झाडणाऱ्या गाडगेबाबांचंच नाव आहे. सामान म्हणाल तर ताट-वाटी, टॉर्च, अंथरूण-पांघरूण आणि दोन स्वेटर. एक पुरत नाही, आपल्याकडची पहाटेची थंडी तुम्हाला ठाऊकच आहे.

तिथं काम होतं शोषखड्ड्यांचं. खोल चौकोनी खड्डा, तळाशी मोठे दगड, वर लहान, मग खडी. मधोमध भोकं पाडलेलं मडकं, त्यात नारळाच्या शेंड्या. शेंड्यांत घाण अडकते, पाणी जमिनीत मुरतं, दारातलं डबकं जातं आणि डासही कमी होतात. मुलांनी एका घरापुढे उत्साहाने खणायला घेतलं. खड्डा कमरेइतका झाला तेव्हा घरातली म्हातारी बाहेर आली.

"काहून वं पोरीहो, मी आंघोळ मागं करतो, धुणं मागं धुतो, अन् तुम्ही खड्डा म्होरं खंदून राह्यल्या?"

मुलं हसली. एक म्हणाला, आता झालाय खणून, राहू दे. आमची पुतणी वर्गात हजेरीसुद्धा पुटपुटत देते. गेल्या वर्षी कॉलेजच्या गॅदरिंगला शेवटच्या रांगेत बसून आली होती. पण त्या संध्याकाळच्या चर्चेत ती उभी राहिली. म्हणाली, "पाणी कुठं सांडतं हे घरातल्या बाईला विचारल्याशिवाय उद्या कुदळ लावायची नाही." सर दोन मिनिटं गप्प होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला खड्डा बुजवला आणि मागच्या अंगणात नवा खणला. पुढे प्रत्येक घरी आधी मुली आत जायच्या, मग मुलं कुदळ घ्यायची. एका दिवसाचं काम वाया गेलं म्हणून काही जण तिच्याशी बोलेनात. रात्री तिनं मला फोन केला. रडली. "घरी येऊ का?" म्हणाली. जीव तुटला हो माझा, पण "राहा," म्हणाले. ते बरोबर होतं की नाही, रात्रभर झोप आली नाही.

ती सातही दिवस राहिली. यंदाच्या गॅदरिंगला शिबिराचा अहवाल तिनंच वाचला. पाय थरथरत होते, आवाज मात्र मागपर्यंत पोचला. भाऊजी खास गावाहून आले होते, माझ्या शेजारी बसून ऐकत होते. काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र आमच्या परसातली कुदळ उचलून विचारू लागले, "कुठं खणायचं गं?"

"थांबा बाबा," ती म्हणाली, आणि मला हाक मारली, "काकू, तुम्ही धुणं नेमकं कुठं धुता?"