जुनी लेथ, घरची वीज आणि टर्मिनल बॉक्समधली सहा टोकं

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात किंवा पुण्याजवळच्या भोसरीत कारखान्यात सीएनसी आली की जुन्या लेथ आणि मिलिंग मशीन बाहेर निघतात. हरिहरच्या किर्लोस्कर कारखान्यात बनलेली लेथ, बेड झिजलेला नसेल तर, आजही मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचं काम देते. असं यंत्र घरच्या शेडमध्ये आणायचं म्हटलं की ठरलेला सल्ला मिळतो: ‘ही थ्री फेज आहे, घरी चालायची नाही. मोटर काढून टाका, सिंगल फेजची बसवा.’

हा सल्ला मला अजिबात पटत नाही. चालू स्थितीतली चांगली मोटर त्यात वाया जाते, आणि यंत्राच्या कामातही फरक पडतो. सायकलचं पायडल अगदी वर असताना सरळ खाली दाब दिला तर चाक पुढे जायचं की मागे, हे ठरत नाही. सिंगल फेजचं चुंबकीय क्षेत्र तसंच नुसतं मागेपुढे होतं. म्हणून त्या मोटरीला सुरू होण्यासाठी वेगळं वाइंडिंग आणि कपॅसिटर लागतो. थ्री फेजमध्ये तीन प्रवाह एक तृतीयांश आवर्तनाच्या अंतराने येतात आणि क्षेत्र आपोआप फिरतं. शिवाय सिंगल फेजच्या मोटरीचा जोर 50 हर्ट्झवर सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो. ड्रिल मशीनला त्याने काही बिघडत नाही. पण लेथवर शेवटचा बारीक कट घेताना किंवा सरफेस ग्राइंडरवर ती थरथर जॉबवर बारीक लहरींच्या रूपात उमटू शकते.

‘तीन फेज म्हणजे तिप्पट वीज’ हा समजही पक्का बसलेला आहे. 1 एचपी म्हणजे 746 वॉट, फेज कितीही असोत. फरक पडतो तो तारांमधल्या प्रवाहात. 1 एचपीची मोटर 415 व्होल्टवर प्रत्येक तारेतून साधारण पावणेदोन अँपियर घेते. तेच काम 230 व्होल्टच्या एका फेजवर करायचं तर प्रवाह कितीतरी जास्त लागतो. बिल तेवढंच येतं, पण वायर जाड लागते.

आता मुख्य गोष्ट. यंत्र विकत घेण्याआधी मोटरीच्या टर्मिनल बॉक्सचं झाकण उघडून पाहा. आत सहा बोल्ट असतील, तीन-तीनच्या दोन ओळींत: वर यू1, व्ही1, डब्ल्यू1 आणि खाली डब्ल्यू2, यू2, व्ही2. जुन्या मोटरींवर ए1, ए2, बी1, बी2 अशीही अक्षरं दिसतात. खालचे तीन बोल्ट पितळी पट्ट्यांनी आडवे जोडलेले असतील तर ते स्टार कनेक्शन. पट्ट्या काढून उभ्या लावल्या, म्हणजे वरचा प्रत्येक बोल्ट खालच्याशी जोडला, की झालं डेल्टा.

सगळी मेख इथे आहे. स्टारमध्ये प्रत्येक वाइंडिंगवर 415 नव्हे, तर 415 भागिले 1.732, म्हणजे 240 व्होल्टच येतात. तेव्हा 415 व्होल्ट स्टारची मोटर डेल्टात जोडली की ती 240 व्होल्टची थ्री फेज मोटर होते, पूर्ण ताकदीची. आपल्याकडच्या 3 एचपीपर्यंतच्या मोटरी सहसा स्टारमध्ये असतात. त्याहून मोठ्या मोटरी मात्र 415 व्होल्ट डेल्टाच्या असतात, त्यांना ही युक्ती लागू पडत नाही. युरोपातून आलेल्या जुन्या यंत्रांवर 220/380 असं दिसलं तर त्याचा अर्थही हाच: डेल्टात 220, स्टारमध्ये 380.

बॉक्समधून तीनच वायर बाहेर आलेल्या असतील तर स्टारचा सांधा वाइंडिंगच्या आत बांधलेला असतो. चांगला रिवाइंडिंगवाला तो उकलून उरलेली तीन टोकं बाहेर काढून देतो. त्याच वेळी मेगरने इन्सुलेशन तपासून घ्या. वर्षानुवर्षं ओलीत पडलेली मोटर आधी वाळवावी लागते.

डेल्टात जोडलेल्या मोटरीला तीन फेज देण्यासाठी आज उत्तम साधन म्हणजे व्हीएफडी, ज्याला सगळे नुसतं ड्राइव्ह म्हणतात. ‘ड्राइव्ह लावला की 415 व्होल्ट मिळतात’ असं विकणारेही कधी सांगतात. ते खरं नाही. सिंगल फेजचा साधा ड्राइव्ह 230 व्होल्टची आधी साधारण 325 व्होल्ट डीसी करतो आणि तिच्यातून तीन फेज घडवतो. बाहेर 230च्या वर काही निघत नाही. म्हणून तर पट्ट्या डेल्टात हव्यात. ड्राइव्हमध्ये मोटरीचा प्रवाहही नव्याने भरावा लागतो. नेमप्लेटवर स्टारचे 5 अँपियर असतील तर डेल्टात 1.732 पट, म्हणजे सुमारे 8.7.

ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये जुना स्टार्टर किंवा उलट-सुलट फिरवायचा ड्रम स्विच ठेवू नये. चालू असताना तो तोडला तर ड्राइव्ह जळू शकतो. तेच स्विच ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलना जोडून वापरता येतात. कूलंट पंप आणि कॉन्टॅक्टरच्या 415 व्होल्टच्या कॉइल या त्या ड्राइव्हवर चालवायच्या नसतात, त्यांची वेगळी सोय करा.

ड्राइव्हच्या नॉबने हर्ट्झ बदलून मोटरीचा वेगही बदलता येतो. पण ‘आता गिअर बदलायला नकोत, नॉबनेच वेग कमी करू’ या मोहात पडू नका. 50 हर्ट्झच्या खाली वेगाबरोबर ताकदही घटते. 10 हर्ट्झवर 2 एचपीची मोटर जेमतेम 0.4 एचपी देते. मोटरीचा पंखाही मंदावतो आणि ती तापते. जड कट बॅक गिअरवरच घ्यावा. चक स्पिंडलवर आट्यांनी बसलेला असेल तर ड्राइव्हमध्ये थांबण्याचा वेळ भरपूर ठेवा. झटक्यात ब्रेक लागला तर चक सुटून अंगावर येऊ शकतो.

गावाकडे थ्री फेज नसलेल्या तासांत पाण्याची मोटर कपॅसिटर लावून चालवतात, म्हणून लेथही तशीच चालेल असं काहींना वाटतं. डेल्टात जोडलेली लहान मोटर तशी फिरते, पण सुमारे 70 टक्केच ताकद मिळते आणि सुरुवातीचा जोर फार कमी असतो. पंपावर भार ठरावीक असतो. लेथवर तो सतत बदलतो, आणि कपॅसिटर एकाच भाराला नेमका बसतो. बाकी वेळ एखादं वाइंडिंग जास्त तापतं. न्यूट्रलला तिसरा फेज समजून जोडणं तर मुळातच चूक.

3 एचपीच्या ड्राइव्हला घरच्या लाइनमधून वीसहून अधिक अँपियर लागू शकतात. त्यासाठी 16 अँपियरचा सॉकेट चालत नाही. बोर्डापासून वेगळी लाइन, स्वतंत्र एमसीबी आणि पक्कं अर्थिंग हवं. ड्राइव्हच्या फिल्टरमुळे आरसीसीबी पडत असेल तर ड्राइव्हला योग्य प्रकारचा आरसीसीबी घ्या. असलेला काढून टाकू नका. वीज बंद केल्यावरही ड्राइव्हच्या आत डीसी काही मिनिटं टिकून असते, त्यामुळे झाकण लगेच उघडायचं नाही.

लेथची मोटर 3 एचपीहून मोठी असेल तर घरासाठीही थ्री फेज कनेक्शन मिळतं, मंजूर भार वाढवून त्यासाठी अर्ज करता येतो. मात्र घरगुती कनेक्शनवर धंद्याचं काम केलं तर वीज कायदा 2003 च्या कलम 126 नुसार तो अनधिकृत वापर ठरू शकतो, म्हणून दरपत्रकातली घरगुती व्यवसायाची मर्यादा आधी वाचून घ्या. आणि ड्राइव्हवर चालवलेली लहान मोटर पुढे त्या थ्री फेजवर जोडणार असाल तर तिच्या पट्ट्या आधी पुन्हा स्टारमध्ये लावा. डेल्टात राहिलेली ती मोटर 415 व्होल्टवर बघता बघता जळते.