संगणकातील नव्या फाईल-प्रकारांची नोंदणी आणि मराठी दस्तऐवजांचे जतन

प्रस्तावना

महाविद्यालयातील प्रश्नपत्रिका, टिपणे, शोधनिबंध व वार्षिकांक यांचा बराचसा मजकूर आज फाईलच्या रूपाने साठविलेला असतो. जुनी फाईल नव्या संगणकावर उघडू गेल्यास ती कोणत्या सॉफ्टवेअरने उघडावी, असा प्रश्न संगणकच विचारतो. अशा वेळी फाईल बिघडली असा समज होतो. पुष्कळदा मात्र तिच्या प्रकाराची नोंद त्या संगणकावर नसते, एवढेच कारण असते. ही नोंदणी कशी होते व तिच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रकाराची ओळख

फाईलचा प्रकार मुख्यतः दोन खुणांनी ओळखला जातो. पहिली खूण म्हणजे नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी अक्षरे, अर्थात एक्स्टेन्शन. दुसरी म्हणजे फाईलच्या आरंभीचे ठरावीक बाइट. पीडीएफ फाईलच्या आरंभी टक्क्याचे चिन्ह व 'पीडीएफ' ही अक्षरे असतात, तर झिप फाईलच्या आरंभी तिचे जनक फिल कॅट्झ यांची 'पीके' ही आद्याक्षरे असतात. डॉकएक्स व ओडीटी हे प्रकारही मुळात झिपच असल्याने केवळ या अक्षरांवरून त्यांतील भेद कळत नाही. म्हणूनच ओडीटीमध्ये प्रकाराचे नाव सांगणारी एक छोटी नोंद सर्वांत आधी ठेवलेली असते.

संगणकावरील नोंदणी

विंडोजमध्ये ही माहिती 'रजिस्ट्री' या मध्यवर्ती नोंदवहीत असते. नवे सॉफ्टवेअर बसविताना तेथे एक्स्टेन्शनची नोंद होते. ती नोंद एका प्रकारनामाकडे निर्देश करते आणि त्या नामाखाली फाईलचे चिन्ह व ती उघडण्याची आज्ञा लिहिलेली असते. २०१२ मधील विंडोज ८ पासून वापरकर्त्याची निवड अन्य सॉफ्टवेअरला परस्पर बदलता येऊ नये, अशी तजवीज करण्यात आली आहे.

लिनक्समध्ये या कामाचे दोन भाग पडतात. एका एक्सएमएल फाईलमध्ये प्रकाराचे नाव, एक्स्टेन्शन व आरंभीच्या बाइटांची खूण दिली जाते. कोणते सॉफ्टवेअर तो प्रकार उघडू शकते, हे त्या सॉफ्टवेअरच्या स्वतंत्र नोंदीत असते. 'फाईल काय आहे' आणि 'ती कोण उघडील' हे प्रश्न भिन्न आहेत, हे येथे स्पष्ट होते.

जागतिक नोंदणी

एका संगणकावरील नोंद तेवढ्यापुरतीच असते. दोन निर्मात्यांनी एकच एक्स्टेन्शन निवडल्यास घोटाळा होतो. १९९२ मध्ये ई-मेलसाठी आलेल्या 'माइम' पद्धतीने प्रत्येक प्रकारास स्वतंत्र नाव देण्याची प्रथा पाडली. ही नावे 'आयाना' या संस्थेकडे नोंदविली जातात. ओडीटीचे नावही तेथे नोंदलेले आहे आणि त्यामागील ओपनडॉक्युमेंट स्वरूपास २००६ मध्ये आयएसओ मानकाचा दर्जा मिळाला.

मराठी मजकुराचा प्रश्न

महाराष्ट्रातील छपाईच्या कामात पेजमेकर दीर्घकाळ प्रचलित होते. २००१ मधील सातव्या आवृत्तीनंतर त्याची नवी मुख्य आवृत्ती निघाली नाही. लिब्रेऑफिसने २०१५ पासून या फाईली वाचण्याची सोय केली. म्हणजे नोंदणीचा प्रश्न काही अंशी सुटला. तथापि उघडलेल्या पानावर मराठीऐवजी निरर्थक रोमन अक्षरे दिसू शकतात. कारण मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतो आणि अशा प्रत्येक फॉन्ट-मालिकेची अक्षररचना वेगळी असते.

'मूर्तिजापूर' हेच नाव घ्यावे. अशा फॉन्टमध्ये अक्षरे दिसण्याच्या क्रमाने साठविली जातात. म्हणून 'र्ति' मधील ऱ्हस्व वेलांटी 'त' च्या आधी आणि रफार नंतर येतो. युनिकोडमध्ये मात्र उच्चाराप्रमाणे र, हलन्त, त व वेलांटी असा क्रम असतो. त्यामुळे रूपांतर करताना केवळ अक्षरास अक्षर देऊन भागत नाही, क्रमही बदलावा लागतो. 'वऱ्हाड' मधील अर्ध्या 'र' चीही अशीच वेगळी व्यवस्था करावी लागते. फॉन्टचे नाव हरवल्यास रूपांतरासाठी कोणता तक्ता वापरावा, हेच कळत नाही.

निष्कर्ष

फाईल-प्रकाराची नोंदणी फाईलला योग्य सॉफ्टवेअरपर्यंत पोहोचविते. आतील लिपी वाचता येईलच, याची हमी ती देत नाही. म्हणून जुन्या फाईलींसोबत मूळ सॉफ्टवेअर, आवृत्ती व फॉन्ट यांची लेखी नोंद ठेवणे आवश्यक आहे. मजकूर युनिकोडमध्ये आणून ओडीटीसारख्या खुल्या स्वरूपात जतन करावा. केवळ पीडीएफ केल्यास पानाचे रूप टिकते, परंतु जुन्या फॉन्टमधील मजकुरात शब्दशोध घेता येत नाही. ज्या संगणकांवर या फाईली आज उघडतात, ते बंद पडण्यापूर्वी हे काम हाती घेणे श्रेयस्कर ठरेल.