रात्रीचा मोबाईल आणि बाळाची खरेदी

तुर्भे, दिघा, रबाळे, कुठल्याही वस्तीत बघा. कुरिअरवाला आता गल्लीच्या तोंडाशी येऊन फोन करतो. घरात नवं बाळ असलं की जास्तच.

रात्री दोन वाजता बाळ अंगावर पीत असतं, आईच्या दुसऱ्या हातात मोबाईल. झोप नाही, जीव धास्तावलेला, आणि समोर वॉकर, राईची उशी, रंगीत बाटल्या. बाळाला काही कमी पडू नये असं वाटणारच. विकणाऱ्यांना तेच हवं असतं.

पण वॉकरने बाळ लवकर चालत नाही, उलट पडून लागतं. कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवर बंदीच घातली. तान्ह्याला झोपताना उशी नको. दुधाच्या बाटलीची जाहिरात करायला आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने मनाई आहे. पहिले सहा महिने आईचं दूधच पुरतं, वरचं पाणीसुद्धा नको. आणि कपडे? पाचेक महिन्यांत बाळाचं वजन दुप्पट होतं. जावेच्या मुलाची धुतलेली झबली काय वाईट?

पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे ५००० रुपये मिळतात, ते बाळंतिणीच्या अंडी-डाळीला लावा. ॲपचे मेसेज बंद करा. रात्री आवडलेली वस्तू सकाळी आशाताईंना विचारूनच मागवा.