स्प्रिंग आखूड करून मोटार खाली आणणे : दृढता, प्रतिबल आणि मोकळीक

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात कॅलिफोर्नियातील लॉस एंजेलिस व त्याच्या परिसरातील मेक्सिकन-अमेरिकन तरुणांत जुन्या मोटारी रस्त्यालगत खाली आणून त्या संथ गतीने चालविण्याची प्रथा रूढ झाली. अशा मोटारींना व त्यांच्या मालकांना 'लोरायडर' हे नाव मिळाले. प्रारंभी मोटारीच्या मागील भागात वाळूची अथवा सिमेंटची पोती ठेवून ती खाली बसविली जाई. पुढे स्प्रिंगांचे वेढे कापण्याचा किंवा स्प्रिंग ज्योतीने तापवून बसविण्याचा मार्ग अनुसरला गेला. शेव्हरोले कंपनीच्या १९५८ ते १९६४ या वर्षांतील मोठ्या मोटारींना, उदाहरणार्थ इम्पालाला, चारही चाकांशी मळसूत्राकार स्प्रिंगा असल्यामुळे त्या या प्रयोगास विशेष सोयीच्या ठरल्या. कापणे आणि तापविणे या दोन्ही क्रियांचे दृश्य फळ एकच, म्हणजे मोटारीची उंची कमी होणे. परंतु यंत्रशास्त्राच्या दृष्टीने त्या परस्परांहून सर्वस्वी भिन्न आहेत, आणि दोहोंतही जे खरोखर गमावले जाते ते सहसा कोणी मोजत नाही.

मळसूत्राकार स्प्रिंग दाबली असता तिची तार वाकत नाही, तर पिळली जाते. म्हणून तिची दृढता पदार्थाच्या कर्तन-गुणांकाच्या व तारेच्या व्यासाच्या चतुर्थ घाताच्या समप्रमाणात, आणि वेढ्याच्या व्यासाच्या घनाच्या व कार्यकारी वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असते. वेढे कमी केले की दृढता वाढते. आठांपैकी एक वेढा कापल्यास ती ८/७ पट, म्हणजे सुमारे १४ टक्के अधिक होते. याउलट तारेतील कर्तन-प्रतिबल भार, वेढ्याचा व्यास व तारेचा व्यास यांवरच अवलंबून असते. वेढ्यांच्या संख्येचा त्याच्याशी संबंध नाही. तेव्हा मोटार उभी असताना कापलेल्या स्प्रिंगच्या तारेवर पूर्वीइतकाच ताण असतो. 'वेढा कापला म्हणजे स्प्रिंग दुबळी झाली' ही समजूत या अर्थी चुकीची आहे.

एक वेढा कापला असता मोटार किती खाली येईल, याचे उत्तर पुष्कळदा चुकीचे दिले जाते. समजा, तारेचा व्यास १६ मिलिमीटर, वेढ्याचा मध्यव्यास १२० मिलिमीटर, वेढे ८, आणि भारविरहित अवस्थेतील दोन वेढ्यांमधील अंतर ४५ मिलिमीटर आहे. पोलादाचा कर्तन-गुणांक दर चौरस मिलिमीटरला ७९,००० न्यूटन धरल्यास स्प्रिंगची दृढता दर मिलिमीटरला सुमारे ४६.८ न्यूटन येते. तिच्यावर ८,००० न्यूटन भार असेल, तर ती १७१ मिलिमीटर दबते व ३६० मिलिमीटरांची स्प्रिंग १८९ मिलिमीटर उरते. एक वेढा कापल्यावर मूळ लांबी ३१५ मिलिमीटर होते. पण दृढता वाढल्यामुळे दबणे १५० मिलिमीटरांपर्यंत कमी होते व भारित लांबी सुमारे १६५ मिलिमीटर येते. म्हणजे स्प्रिंगची उंची ४५ मिलिमीटरांनी नव्हे, तर २४ मिलिमीटरांनी घटली. कारण उघड आहे : प्रत्येक वेढा सारखाच भार वाहतो व सारखाच दबतो, एक वेढा काढला की भारित अवस्थेतील एका वेढ्याची उंची वजा होते, भारविरहित अवस्थेतील नव्हे.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. पुढच्या चाकांची स्प्रिंग खालच्या भुजेच्या बिजागरीपासून चाकापर्यंतच्या अंतराच्या साधारण मध्यावर बसलेली असली, तर स्प्रिंग २४ मिलिमीटर आखूड झाल्यास मोटार चाकाच्या ठिकाणी सुमारे ४७ मिलिमीटर खाली येते. तसेच चाकाच्या ठिकाणी जाणवणारी दृढता स्प्रिंगच्या दृढतेच्या चतुर्थांश असते. प्रस्तुत उदाहरणात ती ११.७ वरून १३.४ न्यूटन प्रति मिलिमीटर होते. उभ्या आंदोलनांची कंप्रता दृढतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे ती मिनिटाला सुमारे ५१ वरून ५५ होईल. हा फरक बसणाऱ्यास फारसा जाणवणार नाही.

मग रस्त्यावर अशी मोटार इतकी आदळते का? याचे उत्तर दृढतेत नसून मोकळिकीत आहे. चाक खड्ड्यातून अथवा उंचवट्यावरून वर उचलले जाते, तेव्हा सांगाड्यावरील रबरी ठोकळ्याला भुजा टेकेपर्यंतच स्प्रिंग काम करू शकते. हा ठोकळा सांगाड्याला जखडलेला असल्यामुळे मोटार जितकी खाली येते तितकी ही मोकळीक कमी होते. मूळची मोकळीक ८० मिलिमीटर असेल, तर एक वेढा कापल्यावर ती ३३ मिलिमीटर उरते. समतोल स्थितीपासून चाक वर जाताना शोषली जाणारी ऊर्जा, दृढतेस विस्थापनाच्या वर्गाने गुणून येणाऱ्या संख्येच्या निम्मी असते. त्यानुसार मूळ स्प्रिंग ठोकळ्यास भिडण्यापूर्वी सुमारे ३७ जूल ऊर्जा शोषते. कापलेली स्प्रिंग सुमारे ७ जूल शोषते. दृढता १४ टक्क्यांनी वाढली, पण धक्का सोसण्याची क्षमता एकपंचमांशावर आली. ती पूर्ववत करावयाची झाल्यास ३३ मिलिमीटरांच्या मोकळिकीत दृढता मूळच्या जवळजवळ सहापट असावी लागेल, आणि तशी मोटार बसण्यास असह्य होईल. उंची कमी करण्याची किंमत मोकळिकीच्या वर्गाने चुकती करावी लागते, हा या विषयाचा गाभा होय.

तापविण्याच्या पद्धतीत हे नुकसान टळत नाही. उलट दुसरे एक त्यात भर घालते. स्प्रिंगचे पोलाद पाणी देऊन कठीण केलेले व नंतर मर्यादित तापमानास पुन्हा तापवून चिवट केलेले असते. ज्योतीने ते लाल होईपर्यंत तापविले की हे संस्कार नाहीसे होतात व स्प्रिंग स्वतःच्या भाराखाली कायमची दबते. थंड झाल्यावर कर्तन-गुणांक जवळजवळ पूर्वीइतकाच असतो. म्हणून दृढताही साधारण तीच राहते आणि काम साधले असे वाटते. परंतु स्थितिस्थापकतेची मर्यादा घसरलेली असते. पुढील प्रत्येक मोठ्या धक्क्यागणिक स्प्रिंग थोडी थोडी बसत जाते. ज्योतीची उष्णता सर्वत्र सारखी न लागल्याने डाव्या व उजव्या बाजू असमान बसतात. तापलेल्या तारेवर पाणी ओतल्यास त्या जागी ठिसूळपणा येऊन तार तडकण्याचा संभव असतो. थोडक्यात, कापण्याने दृढता बदलते पण पदार्थ शाबूत राहतो. तापविण्याने दृढता टिकते पण पदार्थ बिघडतो. दोहोंत कापणे श्रेयस्कर, तेही ज्योतीने न करता घासचक्रीने.

कापण्यालाही मर्यादा आहेत. ज्या स्प्रिंगचे टोक सपाट घासून बैठकीवर टेकविलेले असते तिचे ते टोक कापता येत नाही. उघड्या टोकाची, मळसूत्री खाचेत बसणारी स्प्रिंगच यास चालते. दुसरे असे की, चाक पूर्णपणे खाली लोंबकळले असता बैठकींमधील अंतर बदलत नाही, मात्र स्प्रिंगची मूळ लांबी येथे ४५ मिलिमीटरांनी घटलेली असते. ती त्या अंतराहून कमी झाली, तर उंचवटा ओलांडताना स्प्रिंग बैठकीतून सुटते. हा अपघातास थेट आमंत्रण देणारा दोष आहे. शिवाय भुजांचे कोन बदलल्याने चाकांचा कल व त्यांची समांतरता बिघडते, आणि टायर एका बाजूने झिजतात. म्हणून स्प्रिंग बदलल्यावर चाकांची मांडणी पुन्हा तपासणे अपरिहार्य ठरते.

मोकळीक न गमावता मोटार खाली आणण्याचा मार्ग स्प्रिंगच्या बाहेर शोधावा लागतो. चाक ज्यावर फिरते ती खुंटी मूळ जागेपेक्षा वर असलेले स्पिंडल बसविल्यास भुजा, स्प्रिंग व ठोकळा आपापल्या जागी राहतात. फक्त सांगाडा चाकाच्या तुलनेत खाली येतो. लोरायडरांनी मात्र निराळा मार्ग काढला. ज्या मोटारीचा कोणताही भाग चाकाच्या धावेच्या तळाहून खाली असेल ती रस्त्यावर चालविण्यास कॅलिफोर्नियाने १९५८ पासून बंदी केली. १९५९ मध्ये रॉन अगिरे यांनी आपल्या शेव्हरोले कॉर्व्हेटला विमानांतून काढलेले जलदाब-पंप बसविले व कळ फिरवताच मोटार वर-खाली करण्याची सोय केली. या युक्तीने कायद्याचे बंधन चुकले, हे सर्वांना ठाऊक आहे. पण तिने यांत्रिक पेचही सोडविला. मोटार उभी असताना खाली बसते व चालताना वर उचलली जाऊन तिची मोकळीक परत मिळते. कॅलिफोर्नियाच्या २०२३ मधील कायद्याने उंचीवरील ती बंदी १ जानेवारी २०२४ पासून उठली आहे. त्यामुळे यापुढे मोटार किती खाली आणावी याचा निर्णय प्रामुख्याने स्प्रिंग व ठोकळा यांमधील काही मिलिमीटरांच्या हिशेबावर अवलंबून राहील, आणि तो हिशेब स्प्रिंगला करवत लावण्यापूर्वी मांडला गेला पाहिजे.