आमची जीप चढ चढेना!

आमची आई ८१ वर्षांची. नऊवारी नेसते, चहा बशीतून पिते आणि यंत्र या वस्तूवर तिचा काडीइतका विश्वास नाही. अशा माणसाने भर चढावर जीपमधून उडी टाकून मागच्या चाकाखाली दगड सरकवावा, हे ऐकून तुम्हांला हसू येईल. मला मात्र त्या दिवशी घाम फुटला होता. आणि खरे सांगायचे तर, तिच्यावर ती पाळी आणण्यात जीपपेक्षा माझाच वाटा मोठा होता. ते पुढे येईलच.

आमचे घर वसईच्या पश्चिम पट्ट्यात, निर्मळच्या बाजूला. वाडी मात्र पूर्वेला, हमरस्त्यापलीकडे पारोळच्या वाटेवर, तुंगारेश्वरच्या डोंगरांच्या अंगाला. या दोन ठिकाणांमध्ये ये-जा करण्यासाठी वडिलांनी एक जुनी जीप घेतली होती. सी. जे. ३ बी नावाची, उंच नाकाची. जीपवाल्या मंडळींत तिला ‘हाय बॉनेट’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात विलीज कंपनीची जीप जगभर धावली, आणि १९४७ साली मुंबईत महिंद्रांनी त्या गाड्यांची जुळणी सुरू केली. १९५३ साली अमेरिकेत हे ३ बी मॉडेल निघाले. त्यात बसवलेले हरिकेन इंजिन आधीच्यापेक्षा उंच, म्हणून बॉनेटही उंच. पुढे तीच गाडी आपल्याकडे तयार होऊ लागली. आमची १९६८ सालची. वडील गेल्यावर ती माझ्याकडे आली आणि वडिलांची एक सूचनाही आली : “क्लचच्या पेडलवर पाय ठेवून बसू नकोस.” गाडी मी सांभाळली, सूचना नाही.

गेल्या वर्षी नवरात्रात आईला वज्रेश्वरीची ओटी भरायची होती. १७३९ साली वसईच्या मोहिमेत चिमाजीअप्पांनी या देवीला नवस केला होता, असे आमच्याकडे सांगतात. त्यामुळे वसईकरांचे तिथे जाणे-येणे पुष्कळ. शिरसाडफाट्यावरून वळायचे, पारोळ, उसगाव करत वज्रेश्वरी गाठायची. वाटेत वाडीवर टेकून जाऊ, असे ठरले. वाडीचा शेवटचा अर्धा फर्लांग कच्चा चढ आहे, आणि चढाच्या पायथ्याशी ओहोळ.

निम्म्या चढावर इंजिनाने एकदम टाहो फोडला. मी ॲक्सिलरेटर दाबला तसा आवाज वाढला, पण गाडी मंदावली, थांबली आणि हळूच मागे सरकू लागली. मी पायब्रेक गच्च दाबला, हातब्रेक ओढला. ओल्या मुरुमावर चाके तरीही वीतभर घसरली. मागे सौभाग्यवती आणि दोन नातवंडे. खालून एक उग्र वास आला, होळीत नारळाची शेंडी जळावी तसा. मी “कुणी हलू नका!” म्हणून ओरडेपर्यंत आई उतरलीही होती आणि दोन्ही हातांनी एक दगड लोटत होती.

ओटी त्या दिवशी राहिली. पायी वाडीवर जाऊन आम्ही गडीमाणसांना आणले, जीप उलटी खाली उतरवली. सपाट रस्त्यावर ती शहाण्यासारखी घरी आली! यातच खरी मेख होती. आमच्या पश्चिम वसईत चढ म्हणून जो काय आहे तो रेल्वेवरचा उड्डाणपूल. सपाटीवर चालणाऱ्या गाडीचा क्लच कितीही दुबळा झाला तरी लाज झाकली जाते. पुलावर गेले दोन महिने इंजिनाचा आवाज चढत होता आणि वेग वाढत नव्हता; मी तो गाडीच्या वयाचा दोष मानत होतो.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजवाल्याने (नाव कशाला घ्या?) बॉनेटही न उघडता निकाल दिला : इंजिन बसले, रिंगा गेल्या, उतरवावे लागेल. खर्चाचा आकडा ऐकून बोरिवलीचा माझा धाकटा भाऊ म्हणाला, “दादा, भंगारात दे आता. आईला घेऊन पुन्हा त्या चढावर जाणार आहेस का?” या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. वडिलांची गाडी विकायची या विचाराने दोन रात्री झोप आली नाही. आईने मात्र भाजी निवडता निवडता एक शेरा मारला. “इंजिन दमलं म्हणतोस? दमलेला माणूस ओरडत नाही. ते तर ओरडत होतं.”

हे वाक्य मी पापडीच्या आमच्या जुन्या मिस्त्रींना सांगितले, तेव्हा ते हातातला पाना खाली ठेवून हसले. “मास्तर, आईंना माझ्याकडं कामाला पाठवा. बरोबर ओळखलंय.” इंजिन अशक्त असेल तर चढावर त्याचे फेरे कमी होत जातात आणि शेवटी ते बंद पडते. फेरे वाढतात आणि गाडी मात्र जागची हलत नाही, याचा अर्थ इंजिनाची ताकद वाटेत कुठेतरी सांडते. ती सांडण्याची पहिली जागा क्लच.

क्लच म्हणजे काय हे मी घरी असे समजावले. इंजिनाच्या मागे एक जड चक्र फिरते, ते फ्लायव्हील. त्याच्यासमोर प्रेशर प्लेट, तिच्यात दणकट स्प्रिंगा. या दोन थाळ्यांमध्ये एक पातळ भाकरी दाबून धरलेली, ती क्लच प्लेट. इंजिन थाळ्या फिरवते, भाकरी गिअरबॉक्सला फिरवते. पेडल दाबले की थाळ्यांची पकड सुटते, सोडले की पुन्हा बसते. आता हाताला तेल लावून लोणच्याच्या बरणीचे झाकण उघडून पाहा. हात फिरतो, झाकण फिरत नाही. आमची जीप त्या अवस्थेला आली होती.

मिस्त्रींनी आधी परीक्षा घेतली. गाडी मोकळ्या जागी उभी केली, हातब्रेक ओढला, पायब्रेक दाबून धरला, टॉप गिअर टाकला, आणि इंजिन चालू ठेवून क्लच हळूहळू सोडला. धडधाकट क्लच असेल तर इंजिन धक्का खाऊन तत्काळ बंद पडते. आमचे इंजिन आनंदाने चालतच राहिले. “मेलं असतं तर बरं होतं,” मिस्त्री म्हणाले, “जिवंत राहिलं, म्हणजे क्लच मेलाय.” ही परीक्षा एकदाच घ्यायची आणि दोन-तीन सेकंदांत आटपायची. पुनःपुन्हा केली तर आहे तोही क्लच जळतो. समोर माणूस उभा राहू द्यायचा नाही, हे सांगायला नकोच.

मग त्यांनी पेडल बोटाने दाबून पाहिले. या गाडीत साधारण इंचभर पेडल मोकळे हलले पाहिजे. त्याला ‘प्ले’ म्हणतात. आमच्या पेडलला प्ले नव्हताच. कारण ऐकण्यासारखे आहे. प्लेटचे अस्तर झिजते तशी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते आणि तिची बोटे उलट बाजूला, रिलीज बेअरिंगकडे येतात. मधली फट संपली की बेअरिंग ती बोटे कायमच दाबून धरते. म्हणजे कोणीतरी अदृश्य पाय सतत पेडलवर ठेवून बसल्यासारखे! मिस्त्रींनी दांड्याचा नट फिरवून इंचभर प्ले काढला. मी निर्मळ नाक्यापर्यंत फेरी मारून आलो. गाडी झकास! पैसे देऊ लागलो तर घेईनात. “चढ चढून या, मग पैसे.”

मी एकटाच गेलो. पहिला अर्धा चढ गाडी सरळ चढली. क्लच तापला तशी पुन्हा तीच रड. आता मात्र मी खरोखर खचलो.

मिस्त्री खाली शिरले. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लचचे घर असते, त्याच्या तळाशी एक बारीक भोक. ते आत शिरलेले तेल बाहेर पडावे म्हणून. त्यांनी तिथे बोट लावले, बघितले, हुंगले. गिअरचे तेल असते तर दाट असते आणि त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. हे पातळ, काळे होते. इंजिनाचे तेल, मागच्या सीलमधून झिरपलेले.

“ऑइल किती घालता?” त्यांनी विचारले.

मी अभिमानाने सांगितले की जुने इंजिन तेल पिते, म्हणून मी पट्टीवरच्या खुणेच्या वर बोटभर ठेवतो. मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी इंजिनाची श्वासनळी काढून दाखवली. काजळीने बुजली होती. आतला दाब बाहेर पडायला वाट नाही, तेल खुणेच्या वर, आणि वाडीवर गाडी रात्रभर नाक वर करून उभी. तेलाने मागे नाही जायचे तर कुठे? इंजिन तेल पीत नव्हते, मीच त्याला पाजत होतो आणि ते क्लचवर सांडत होते. शिवाय घोडबंदरच्या नाक्याला वाहनांच्या रांगेत तासन्‌तास पाय पेडलवर ठेवून हाफ क्लचवर रेंगाळण्याची माझी सवय! वडिलांची सूचना आठवली. असो.

उतरवण्याचे काम दोन दिवस चालले. पुढचे-मागचे प्रॉपेलर शाफ्ट सोडले, मधली फरशी आणि गिअरचे दांडे काढले, इंजिनाखाली जॅक लावला, आडवी पट्टी सोडली आणि गिअरबॉक्स ट्रान्सफर केससकट चार माणसांनी अलगद मागे घेतला. प्लेट बाहेर आली ती तव्याच्या पाठीसारखी काळी, चकचकीत. अस्तर रिबिटांपर्यंत झिजलेले. फ्लायव्हीलवर उष्णतेचे निळे डाग. पोऱ्या तोंडाने फुंकर मारणार तोच मिस्त्रींनी त्याला दटावले. जुन्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असते, त्याची धूळ छातीत गेली तर आयुष्यभराचे दुखणे. ओल्या फडक्याने पुसून ते फडके त्यांनी पिशवीत बांधून टाकले.

नवी प्लेट आणायला मी कुर्ल्याला गेलो. सी. एस. टी. रोडवरच्या दुकानांतून हिंडून प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, सील असा सारा अहेर जमवला आणि विरार लोकलमध्ये मांडीवर घेऊन बसलो. शेजारच्या बाईंनी कागदातून डोकावणारी प्लेट बराच वेळ न्याहाळली आणि विचारले, “चकल्यांचं नवीन यंत्र आलंय का हो?” मी हो म्हणालो. दिवाळी तोंडावर होती. त्यांचा विरस कशाला करा?

बसवताना मिस्त्रींनी जी काळजी घेतली ती पाहण्यासारखी होती. फ्लायव्हीलचे तोंड लेथवर साफ करून घेतले होते. चेंबर उतरवून मागचे सील बदलले, श्वासनळी धुतली. नव्या अस्तराला हात लावण्यापूर्वी ते साबणाने हात धुऊन आले, देवघरात जावे तसे. नवे बेअरिंग रॉकेलमध्ये बुडवू दिले नाही. आतले ग्रीस धुऊन जाते. प्लेट उलटी-सुलटी बघून नीट बाजूने लावली (उलटी बसवून पुन्हा सारे उतरवणारे कारागीर कमी नाहीत म्हणे), एका जुन्या गिअरबॉक्सचा शाफ्ट मध्ये घालून ती बरोबर केंद्रात आणली आणि मगच बोल्ट आळीपाळीने, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळले. शेवटी पेडलला इंचभर प्ले. माझ्याकडे बघून म्हणाले, “तेल खुणेपर्यंत. पाय फरशीवर. आणि चढावर तो धाकटा दांडा वापरा, शोभेला नाही दिलेला.” लो रेंजचा दांडा मी वर्षानुवर्षे ओढला नव्हता. तो ओढला असता तर क्लचवर निम्मा भारही आला नसता.

नवीन क्लचला पहिले काही दिवस जड ओझे देऊ नये, म्हणून वसुबारसेपर्यंत मी सपाटीवरच फिरलो. मग एका सकाळी आईला विचारले. ती बराच वेळ बोलली नाही. आत गेली आणि एक जड पिशवी घेऊन बाहेर आली.

ओहोळ ओलांडला. लो रेंज, पहिला गिअर, पाय पेडलवरून खाली. जीप हत्तीच्या चालीने चढू लागली. अर्ध्या चढावर, जिथे त्या दिवशी थांबलो होतो, तिथे मी मुद्दाम थांबवली. हातब्रेक लावला आणि पुन्हा क्लच सोडला. आवाज चढला नाही, वास आला नाही. मागची चाके चिकटल्यासारखी रोवली आणि गाडी वर निघाली. आरशात बघितले, तर आई दोन्ही हातांनी पिशवी पोटाशी धरून बसली होती.

वाडीच्या अंगणात उतरल्यावर तिने पिशवीतून दगड काढला. अंगणातलाच, पाट्याएवढा. तो तुळशीपाशी ठेवला, हात झटकले आणि म्हणाली, “इथंच राहू दे. वज्रेश्वरीला किती वाजता निघायचं?”