लेण्यांतील लेखांचे शुद्धलेखन व व्याकरण

जुन्नर परिसरात दीडशेहून अधिक शैलगृहे आहेत. तुळजा, मानमोडी, शिवनेरी व लेण्याद्री हे त्यांचे प्रमुख समूह होत. त्यांतील अनेक लेण्यांत ब्राह्मी लिपीत दानलेख कोरलेले आहेत. या लेखांतून दात्यांची नावे आपण सांगतो. परंतु त्यांची लेखनपद्धती क्वचितच समजावून दिली जाते. संस्कृतच्या मापाने पाहणाऱ्यास ही प्राकृत भाषा मोडकी व तिचे लेखन अशुद्ध वाटते. वस्तुतः तिला स्वतःचे नियम आहेत.

वॉर्सा येथे १८८७ मध्ये डॉ. झामेनहॉफ यांनी एस्पेरांतो ही रचलेली भाषा प्रसिद्ध केली. एका अक्षराचा एकच उच्चार, हा तिचा नियम त्यांनी प्रारंभीच घालून दिला. लेण्यांतील लेखांना असा नियमकर्ता नाही. त्यांचे नियम लेख एकमेकांशी ताडून शोधावे लागतात. त्यांतील चार मुख्य नियम विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावेत.

पहिला नियम : जोडाक्षर सुलभ होते. 'महाक्षत्रप' याचे 'महाखतप', 'गर्भद्वार' याचे 'गभदार', 'मंडप' याचे 'मटप' होते. विशेषनामांत क्वचित अपवाद आढळतो. नाणेघाटात 'महारठि त्रनकयिरो' असे कोरले आहे. तेथे 'त्र' टिकून आहे.

दुसरा नियम : उच्चारातील द्वित्त लेखनात दाखवीत नाहीत. पालीत 'देय्यधम्म' लिहितात, तेथे लेण्यांत 'देयधम' दिसते. 'पुतस' असे कोरले असले, तरी ते 'पुत्तस्स' असे समजून वाचावे. पुढे मराठीने हे द्वित्त टाकले व आधीचा स्वर दीर्घ केला. 'हत्थ' याचा 'हात', 'सत्त' याचे 'सात', 'कम्म' याचे 'काम' झाले.

तिसरा नियम : अनुस्वार पुष्कळदा गाळला जातो. म्हणूनच 'संघे' ऐवजी 'सघे' आढळते.

चौथा नियम : 'चा, ची, चे' या अर्थी एकवचनात 'स' व अनेकवचनात 'न' किंवा 'नं' लागतो. आपल्या 'मुलास', 'गावास' यांतील 'स' याच प्रत्ययाचा वंशज आहे, असे अनेक भाषाभ्यासक मानतात.

आता जुन्नरचा एक पूर्ण लेख वाचू : 'यवनस चिटस गतानं भोजणमटपो देयधम सघे'. अर्थ असा : गतांपैकी चिट या यवनाचे संघास भोजनमंडपाचे धर्मदान. वाक्यात क्रियापद नाही. 'देयधम' हा शब्दच ते काम करतो. दुसऱ्या एका यवनाच्या, इरिलाच्या, लेखात 'बे पोढियो' म्हणजे पाण्याच्या दोन पोढ्या दिल्याचा उल्लेख आहे. हा 'बे' आपली मुले आजही 'बे एके बे' म्हणताना उच्चारतात. पोढी आणि लेणे हे शब्दही त्याच परंपरेतून आले आहेत.

दूरदेशीच्या वंशाचा दाता, कल्याणचा सुलसदत आणि महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम या सर्वांनी दानासाठी लोकभाषाच वापरली. इतकेच नव्हे, तर वैदिक यज्ञ व दक्षिणा यांची यादी देणारा नाणेघाटातील सातवाहन राणीचा लेखही प्राकृतातच आहे. राजसत्तेला व संघाला जी भाषा चालत होती, ती हीन कशी ठरेल?

हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. आंबेगाव व जुन्नरच्या पश्चिमेकडील डोंगरी वाड्यांतून वसतिगृहात येणाऱ्या मुलांच्या वह्यांवर लाल खुणा होतात, आणि आपल्या घरची बोलीच चुकीची आहे असे त्यांना वाटू लागते. आपण आज जे मराठी शुद्धलेखन शिकवितो, त्याचे चौदा नियम १९६२ मध्ये मान्य झाले व १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. म्हणजे हे नियम माणसांनी सोयीसाठी ठरविलेले आहेत. ते शिकलेच पाहिजेत, कारण परीक्षा, अर्ज, न्यायालय व वृत्तपत्र यांचे व्यवहार त्यांवर चालतात. परंतु त्या नियमांनी माणसाची किंवा त्याच्या बोलीची योग्यता मोजू नये.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या दोन्ही गोष्टी जाणल्या होत्या. 'मूकनायक' त्यांनी मराठीतून काढला आणि पालीचे व्याकरण व कोशही तयार केला. महाराष्ट्र शासनाने तो १९९८ मध्ये त्यांच्या ग्रंथमालेच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध केला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीसह पाली व प्राकृत यांनाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या दर्जाचे पुरावे आपल्या शाळेजवळच्या डोंगरांत कोरलेले आहेत. आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याने ब्राह्मीची अक्षरे शिकून त्यांतील एक तरी लेख स्वतः वाचावा, ही अपेक्षा आहे.